काडीभर

आमच्याकडे सोनं आगकाडीवर तोलतात.
एका पारड्यात काडी, गुलासकट,
दुसऱ्यात नदीच्या गाळातून चाळलेली पिवळी धूळ.
काटा थांबला की सौदा झाला.
दहा काड्यांचा एक ग्रॅम, असं हारून म्हणायचा,
आणि कुणी शंका काढली नाही.

तराजू त्याचाच. पितळेचा, साबणाच्या डबीत मावणारा.
आजोबांनी तो उंटावरून आणला म्हणे.
दर वेळी सांगताना
एक-दोन उंट वाढायचे.

मी यादेरे. कोट्टो नदीच्या काठी तिसरीचा वर्ग घ्यायचे.
पगार बांगीहून निघायचा
आणि वाटेत कुठेतरी राहायला जायचा.
म्हणून दुपारी हारूनच्या ओट्यावर हिशेब लिहायचे,
हजेरीपटाच्या उरलेल्या पानांवर:
नावं तीच, वेगळ्या रकान्यात.

डिसेंबरात ती माणसं आली,
गळ्यात ताईत, घरी ठोकलेल्या बंदुका.
कोण कुठे तोंड करून नमाज पढतं, एवढंच विचारत होती.
हारून रात्रीच निघाला. बायको, तीन मुली, शिलाई मशीन.
डबी माझ्या हातात दिली. म्हणाला,
"काड्या कोरड्या ठेव."

सकाळी त्याचं घर पेटवलं.
एकच काडी लागली. सवय, मी मोजली.
मार्चमध्ये उत्तरेकडून दुसरे आले पिकअपवर,
त्यांनी पहिल्यांची गावं जाळली.
त्यांच्याकडे लायटर होते.

मग रस्त्यावर बांबू आडवा आला.
कसाव्याच्या पोत्याला कर, सायकलला कर,
याकपाच्या म्हातारीला पुरायला नेलं
तर शवपेटी सामानात धरली.
तिच्या मुलाने घासाघीस केली, मीही केली असती.

शाळेत आता कॅप्टन झोपतो.
फळ्यावर माझाच भागाकार आहे अजून,
बाकी शून्य न आलेला.

ग्बांदा शेवटच्या बाकावरचा.
सातचा पाढा त्याला कधी आला नाही.
खाणीत मात्र पालथ्या तळव्यावर धूळ घेऊन सांगायचा,
"बाई, साडेतीन काड्या."
तराजू लावावा, तर साडेतीन.

पावसाळ्यात काडी पाणी पिते.
जड होते. तिच्या तोलाला जास्त सोनं पडतं.
घेणाऱ्यांना हे ठाऊक असतं,
विकणाऱ्यांना नसावं अशी रीत आहे.
जुलैत एकदा ग्बांदा पारड्याकडे बघत राहिला.
"बाई, काडी ओली आहे."
मागे बंदूक टेकवून दोघे उभे होते.
वरचं सोनं त्यांचं, हे त्याला माहीत नव्हतं.
मी म्हणाले, "चुकलं तुझं."

वर्गात मी बरोबर उत्तराला
चूक कधी म्हणाले नव्हते.

नवव्या खड्ड्याची कड ऑगस्टात खचली.
पाच जण आत. दोघांना काढलं.
तिसऱ्या दिवशी कॅप्टनने पंप दहाव्यावर लावायला सांगितला.
ग्बांदा त्या दोघांत नव्हता.

त्याची ठेव माझ्याकडे होती, वहीच्या कागदाच्या पुडीत.
वर माझंच अक्षर: दोन काड्या.
मी चुलीवर काड्या शेकवल्या, चांगल्या खडखडीत,
आणि पुन्हा तोललं.
अडीच.

त्याची आई आली. मी पुडी दिली, अर्ध्या काडीचं सांगितलं.
तिने पुडी ओच्यात खोवली.
"अर्ध्या काडीत मीठ किती येतं?" एवढंच विचारलं,
आणि मी, कोण जाणे का, खरा भाव सांगितला.

परवा ट्रकवाल्याकडून निरोप आला.
हारून सीमेपलीकडच्या छावणीत आहे,
मशीन विकलं, धाकटी बोलत नाही.
तराजू विचारत नाही तो.
विचारतो, काड्या कोरड्या आहेत ना.

ट्रकवाला उद्या पहाटे परत निघेल.
डबी उघडी ठेवून बसले आहे.
बाहेर पुन्हा भुरभुर सुरू आहे.